दगडावरची चिकटपट्टी

आमच्या पेठेतल्या तालमीच्या बाहेरच्या भिंतीत एक काळा दगड बसवलेला आहे. लढाईवर गेलेल्या पेठेतल्या माणसांची नावं त्यावर कोरलेली आहेत. त्यात माझ्या वडलांचं, म्हणजे आण्णांचं, नाव आहे. दुसरं महायुद्ध संपत आलं होतं तेव्हा आण्णा बेळगावात लष्कराच्या कोठारात पिठाची पोती मोजत होते. बेळगावच्या पलीकडे ते गेले नाहीत. बंदूक त्यांनी पाहिली ती पहारेकऱ्याच्या खांद्यावर. हे ते स्वतःच सांगायचे आणि हसायचे. त्यांचं नाव दगडावर असण्याला माझी हरकत नाही. पीठ कुणीतरी मोजावंच लागतं.

हरकत आहे ती वेगळ्याच गोष्टीला. आण्णांची थोरली बहीण, माझी आत्ती, त्याच लढाईत आसामच्या जंगलातल्या लष्करी दवाखान्यात नर्स होती. ब्रह्मदेशाच्या सरहद्दीवरून जखमी माणसं तिथं आणली जायची. तिच्या उजव्या खांद्यात बॉम्बचा एक तुकडा शेवटपर्यंत होता. आण्णांच्या अंगात लोखंड असं काही नव्हतं, फार तर कवळीची तार. तरी दगडावर आण्णा आहेत आणि आत्ती नाही. इतकी वर्षं झाली, पण हे लिहितानाही माझे कान तापतात.

आत्तीचं लग्न फार लहानपणी झालं होतं. शिरोळ तालुक्यातलं गाव, गुळाची अडत असलेलं घर. नवरा टायफॉइडनं गेला. मिशनच्या दवाखान्यात तो बरेच दिवस पडून होता आणि त्याच्या उशाशी ही. तिथल्या गोऱ्या सिस्टरच्या लक्षात आलं, की ही पोर घाण काढायला कचरत नाही आणि एकदा सांगितलेलं विसरत नाही. नवरा गेल्यावर सासरच्यांनी तिला माहेरी आणून सोडली. माहेरी तिला एक कोपरा मिळाला. त्या कोपऱ्यात ती काही दिवस बसली, मग उठली आणि त्याच दवाखान्यात नर्सिंग शिकायला गेली. कुणाला विचारून गेली नाही. विचारलं असतं तर अजून कोपऱ्यातच असतो, असं ती म्हणायची. आमच्या कोल्हापुरात बायकाही स्वतःबद्दल ‘मी आलो, मी गेलो’ असंच बोलतात.

लष्कराला नर्सा कमी पडायला लागल्या तेव्हा तिनं नाव दिलं. आमच्या पेठेतली ती पहिलीच. सासरी कळल्यावर त्यांनी तिच्या नावानं आंघोळ केली. जिवंत बाईच्या नावानं. इकडे आजोबांनी बोलणं टाकलं. तिला स्टेशनवर पोचवायला एकटे आण्णा गेले होते, ते तेव्हा मिसरूडही न फुटलेले.

आसामातला दवाखाना म्हणजे बांबूच्या झोपड्या. पायाला जळवा, वर पाऊस. वापरलेली बँडेजं उकळून दोरीवर वाळत घालायची आणि पुन्हा बांधायची. जखम सडायला लागली की तिचा वास कसा येतो, हे आत्ती आम्हाला जेवताना सांगायची आणि आम्ही ताट सोडून उठलो की वैतागायची. एका जखमी जपानी कैद्याला पट्टी बांधायला कुणी तयार नव्हतं, ती तिनं बांधली आणि वरून बोलणी खाल्ली. विमानं आली की चालता येणारे सगळे खंदकात पळायचे. ज्यांचे मोडलेले पाय वजनं लावून टांगलेले असायचे, ते खाटेवरच. आत्ती त्यांच्याजवळ थांबायची. अशीच थांबलेली असताना तो तुकडा तिच्या खांद्यात शिरला. तू का नाही पळालीस, असं मी लहानपणी विचारलं होतं. पळालो असतो तर परत आल्यावर त्यांच्या तोंडाकडं कसं बघितलं असतं, असं ती म्हणाली आणि भाजी चिरत राहिली.

लढाई संपवून ती परत आली तेव्हा गल्लीतल्या बायकांनी पोरं घरात ओढून घेतली होती. परक्या पुरुषांची उघडी अंगं पुसून आलेली बाई. पुढे कुणाची तरी सून बाळंतपणात अडली, सुईणीनं हात टेकले आणि मग कुणाला तरी ही आठवली. आई आणि पोर दोघंही वाचली. त्या दिवसापासून आमच्या घराची पुढची खोली दवाखाना झाली. इंजेक्शन, पट्टी, पोटशूळ, बाळंतपण, पोलिसांत न जाता मिटवलेल्या मारामाऱ्यांतली फुटलेली डोकी, सगळं तिथं यायचं. कोयनेचा भूकंप झाला तेव्हा औषधांची पेटी घेऊन ती मिळेल त्या पहिल्या ट्रकात बसून गेली आणि बरेच दिवस परतलीच नाही. पेठेतली अर्धी माणसं तिच्या हातावर जन्माला आली आहेत.

तालमीतल्या पैलवानांचंही सगळं तीच बघायची. तालमीत बाईनं पाय ठेवायचा नाही, ही आमच्याकडची रीत. म्हणून खांदा निखळलेला पैलवान बाहेर कट्ट्यावर यायचा आणि आत्ती रस्त्यावर उभी राहून त्याचा खांदा बसवायची. फुटलेल्या कानाला तिथंच पट्टी. मे महिन्याच्या उन्हातसुद्धा. आत चांगली सावली होती.

तिला सगळे ‘नर्सबाई’ म्हणायचे. खरं नाव पेठेत किती जणांना ठाऊक होतं, देव जाणे. घराच्या पाटीवर आण्णांचं नाव. सासरी तर ती मेलेलीच. तिला याचं काही वाटत नसेल, असं लोक धरून चालायचे. थोर बायकांना कशाचंच काही वाटत नसतं, अशी आपली सगळ्यांची एक सोयीची समजूत असते. आत्तीला वाटायचं, आणि ती ते बोलूनही दाखवायची. एकदा तिनं घराच्या दारावर स्वतःच्या नावाची पाटी लावायचं काढलं होतं. आजोबा तेव्हा हयात होते. सुताराला त्यांनी दारातूनच परत पाठवलं.

कारगिलची लढाई झाली त्या साली गावभर देशप्रेमाला भरतं आलं. रिक्षांवर तिरंगे आले, मंडळामंडळांत मिरवणुका निघाल्या. आमच्या तालीम मंडळानं ठरवलं, की आजवर झालेल्या लढायांवर पेठेतून गेलेल्या सगळ्यांची नावं एका दगडावर कोरायची. मंडळाचा अध्यक्ष चाळिशीतला गृहस्थ, शिरोली एमआयडीसीत त्याची फौंड्री. माणूस दिलदार. गणपतीला वर्गणी कमी पडली की स्वतःच्या खिशातून भर घालायचा. तो पायाळू जन्मला होता आणि त्याला बाहेर ओढणारे हात आत्तीचे होते. हे ती त्याला चारचौघांत ऐकवायची आणि तो लाजायचा.

दगडाचं ऐकल्यावर आत्ती इस्त्रीचं पांढरं लुगडं नेसली आणि तालमीच्या कट्ट्याशी गेली. माझं नाव घालायचं, असं तिनं अध्यक्षाला सरळ सांगितलं. आढेवेढे नाहीत, कुणाची शिफारस नाही. तो म्हणाला, व्हय की आजी, घालू की. घरी येऊन तिनं मला चहा टाकायला लावला. इतकी खूश मी तिला क्वचितच पाहिली होती. त्या आठवड्यात ती पेशंटवर एकदाही ओरडली नाही.

मग चौकातल्या फळ्यावर खडूनं सगळी नावं लिहून लावली, कुणाचं राहिलं असेल तर सांगावं म्हणून. आत्तीनं ती मंडईतून येताना वाचली. घरात आली, भाजीची पिशवी खाली ठेवली आणि म्हणाली, “न्हाय.”

मी त्याच पावली अध्यक्षाकडे गेले. त्यानं मला खुर्ची दिली, चहा मागवला आणि समजावून सांगायला लागला. मंडळाची बैठक झाली होती. जुन्या लोकांनी मुद्दा काढला, की दगड पेठेचा आहे, आणि पेठेची लेक लग्न करून दिली की ती सासरच्या गावची. तिचं नाव लागलं तर तिकडे लागणार. उद्या त्या गावानंही दगड बसवला आणि तिचं नाव घातलं, तर एकाच माणसाचं नाव दोन ठिकाणी व्हायचं. मी म्हटलं, कुठलं गाव? ज्या गावानं तिच्या नावानं आंघोळ केली ते? जन्मली इथं, लढाईला गेली इथून, परत आली इथं, तुम्ही सगळे जन्मलात तिच्या हातावर इथं. सासरी ती नांदली किती? पदर सावरायला शिकेपर्यंत तर नवरा गेला होता.

“रीत हाय ती, ताई,” तो म्हणाला. “मी कुठं केलीया?”

रीत कुणीच केलेली नसते. हे मला आजवर भेटलेल्या प्रत्येक रीतवाल्यानं सांगितलंय. सगळे आपले बिचारे, मान खाली घालून ती पाळणारे, आणि पाळताना जो तुडवला जातो त्याला चहा पाजणारे. तो चहा मी तसाच टेबलावर ठेवून आले.

मी तेव्हा जयसिंगपूरच्या शाळेत शिकवत होते, रोज एसटीनं जाऊन येऊन. आत्तीचं सासरचं गाव तिथून जवळ. मी म्हटलं, ठीक आहे, तुमची रीत ना, मग रीतीनंच जाऊ. एका रविवारी मी आणि आत्ती तिकडे गेलो. त्या गावच्या चावडीजवळ लढाईवर गेलेल्यांचा दगड इंग्रजांच्या काळापासून होता, म्हणजे दगडाची अडचण नव्हती.

घरी तिच्या नवऱ्याचा पुतण्या होता, तोही आता म्हातारा, कपाळाला विभूती. त्यानं पाणी दिलं, गूळ-शेंगा पुढे केल्या. आतल्या बायकांशी कानडीत काही बोलला. ज्या घरात आत्ती सून म्हणून आली होती, त्या घरात तो तिला ‘पावणं’ म्हणत होता. पावणं, बसा. पावणं, घ्या की. आत्ती पुढच्या सोप्यात ताठ बसून होती आणि तुळयांकडे बघत होती. मी विषय काढला. त्यानं शांतपणे ऐकून घेतलं. त्यांच्या घरातलं कुणी लढाईवर गेलं नव्हतं, असं म्हणाला. मी म्हटलं, ही काय समोर बसलीय, तुमची चुलती.

“चुलतीच्या नावानं कवाच आंघोळ झालीया,” तो म्हणाला. “मेलेल्या माणसाचं नाव लढाईच्या दगडावर कसं घालायचं?”

लढाईच्या दगडावर बहुतेक नावं मेलेल्यांचीच असतात, हे मला तिथं सुचलं नाही. परतीच्या एसटीत सुचलं आणि मी जागच्या जागी चडफडत राहिले. आत्तीला सांगितलं तर ती एवढी हसली, की पुढच्या सीटवरचा माणूस वळून बघायला लागला.  हातकणंगले मागं गेल्यावर ती बोलायला लागली.

“मला हार नगो, शाल नगो. घर तुझ्या आण्णाच्या नावावर हाय, ते बरोबर हाय. पोरंबाळं न्हाईत. हाक मारायला नर्सबाई. उद्या मी मेलो की माझं नाव घ्यायला एक जागा न्हाय बघ. दगडात पायजे. येता-जाता कुठलीतरी पोरगी वाचंल, म्हणंल, ही कोण बाई लढाईवर गेलती? एवढंच.”

एवढंच. मी घरी येऊन आण्णांच्या पुढ्यात उभी राहिले. त्यांनी मंडळाला सांगावं, असं म्हटलं. तालमीत त्यांच्या शब्दाला मान होता, तरुणपणी त्याच मातीत ते लढले होते. आण्णा म्हणाले, माझं नाव हाय तिथं, मी कसं बोलू? एकाच घरातली दोन-दोन नावं मागतोय असं दिसंल. मी म्हटलं, मग तुमचं काढा. आण्णांनी पेपर उघडला आणि तोंडापुढे धरला. मी त्यांच्याशी बोलणं सोडलं. तेव्हा आत्तीच मला रागावली. आण्णाला बोलायचं नाही म्हणाली, स्टेशनवर त्या दिवशी तोच एकटा आला होता.

दगडाचं उद्घाटन सव्वीस जानेवारीला झालं. कोल्हापुरात त्या दिवशी घरोघरी जिलेबी असते, चौकाचौकांत कढया लागलेल्या असतात. तालमीपुढे मांडव, स्टेजवर खुर्च्या, खुर्च्यांवर फेटे बांधलेली म्हातारी माणसं, त्यांत आण्णा. खाली ओळीनं औक्षणाची ताटं घेऊन सवाष्णी उभ्या. आत्ती बायकांच्या खुर्च्यांत, मागे. ओवाळून घेणाऱ्यांत ती नव्हती, कारण ती बाई होती. ओवाळणाऱ्यांतही नव्हती, कारण ती विधवा होती. आसामात माणसं तिच्या हाताखाली जगली, पण निरांजन धरायला तो हात चालत नव्हता. मी तिच्या शेजारी बसून हे सगळं बघत होते आणि माझ्या हातातल्या कार्यक्रमपत्रिकेचा चोळामोळा झाला होता.

औक्षण झालं. मग निवेदकानं जाहीर केलं, की आता वीरपत्नींचा सत्कार होईल. पहिलंच नाव त्यानं घेतलं ते आत्तीच्या नवऱ्याचं. अमुक अमुक यांच्या वीरपत्नी. मला आधी काही कळेचना. मग कळलं. नर्सबाई नाराज आहेत, तर त्यांचा मान राखायला हवा, असं मंडळाला वाटलं होतं. आणि म्हाताऱ्या विधवा बाईला लढाईच्या कार्यक्रमात बसवायला त्यांच्याकडे एकच जागा होती.

आत्ती उठली. मी तिचा हात धरला, तो तिनं सोडवला. पायऱ्या चढून वर गेली. अध्यक्षानं शाल पुढे केली, ती तिनं घेतली नाही. निवेदकाच्या हातातून माईक घेतला.

“माझा नवरा टायफॉइडनं मेला,” ती म्हणाली. “मिशनच्या दवाखान्यात, खाटंवर. त्यानं कवा बंदूक बघितली न्हाय. लढाईवर मी गेलतो.”

लोकांनी टाळ्या वाजवल्या.  कुणी चूक सुधारली नाही, कुणी विचारलं नाही, टाळ्या वाजवल्या. अध्यक्षानं हळूच माईक काढून घेतला आणि म्हणाला, आजी जरा भावुक झाल्यात. बँड सुरू झाला. मी स्टेजवर आण्णांकडे बघितलं. ते गुडघ्यांकडे बघत होते. फेटा त्यांना मोठा झाला होता आणि एका बाजूला कलला होता.

घरी येऊन आत्तीनं जिलेबी खाल्ली, चांगली दोनदा मागून घेतली. मी ताटाला हात लावला नाही तेव्हा म्हणाली, जिलेबीनं काय केलंय तुझं?

काही आठवडे गेले. एका सकाळी अध्यक्ष आणि मंडळाचे दोघंतिघं पेढ्यांचा पुडा घेऊन घरी आले. आजीचं काम झालं म्हणाले, येऊन बघा. आत्तीनं पदर नीट केला, चपला घातल्या आणि त्यांची वाट न बघता निघाली. तिचं ते चालणं मला आठवतं, म्हातारी असून मी मागे पडत होते. दगडाच्या तळाशी नवीन ओळ कोरली होती, अक्षरांत अजून पांढरी भुकटी होती. आत्तीनं चष्मा पुसला आणि वाचलं. तिच्या नवऱ्याचं नाव होतं. त्याचं, त्याच्या बापाचं, आडनाव. ठसठशीत.

अध्यक्ष सांगत होता, की त्यासाठी खास बैठक घेतली. सासरचं गाव घालत नाही म्हटल्यावर आपणच मोठं मन करायचं ठरलं. जावई म्हणजे पेठेचाच की.

“मालकांचं नाव आलं म्हंजे तुमचं आलंच की, आजी,” तो म्हणाला.

तो खोटं बोलत नव्हता. त्याला खरोखरच तसं वाटत होतं. माझा संताप होतो तो यानंच. खोटारड्याशी मला भांडता आलं असतं. पेढे घेऊन आलेल्या, घामाघूम झालेल्या, आशेनं बघणाऱ्या माणसाशी काय भांडायचं? तरी मी भांडले. भर चौकात भांडले. म्हटलं, पेठेच्या लेकीला जागा नाही, कारण ती परक्या गावची. आणि त्या परक्या गावच्या माणसाला जागा आहे, जो इकडे फार तर दिवाळसणाला येऊन गेला असेल. अंथरुणावर मेलेला माणूस लढाईत घातलात, का, तर त्याची बायको लढाईवर गेली होती म्हणून. पानपट्टीवरची माणसं गोळा झाली. शाळेतल्या बाई रस्त्यावर अशा ओरडतात, हे त्यांना नवीन होतं. अध्यक्षाचा चेहरा पडला. एवढं करूनही तुमचं समाधान नाही, असं तो म्हणाला आणि पुडा कट्ट्यावर ठेवून गेला.

 आत्ती घरी गेली आणि आपला औषधांचा पत्र्याचा डबा घेऊन परत आली. त्यातून तिनं जखमेवर लावायच्या पांढऱ्या चिकटपट्टीचा रोल काढला, नवऱ्याच्या नावाच्या मापाची पट्टी कात्रीनं सरळ कापली, पदरानं दगड पुसला आणि पट्टी त्या नावावर लावली. कडा अंगठ्यानं दाबल्या. जखमेवर लावताना दाबायची तशाच, आधी मध्ये, मग बाजूला. “झालं,” म्हणाली आणि डबा बंद केला.

मंडळाच्या पोरांनी ती संध्याकाळपर्यंत उचकटली. आत्तीनं दुसऱ्या दिवशी नवी लावली. मग हे चालूच राहिलं. पावसाळ्यात पट्टी आपोआप सुटायची, तेव्हा ती पाऊस उघडायची वाट बघायची. अध्यक्ष एकदा काकुळतीला येऊन म्हणाला, आजी, लोक हसत्यात. ती म्हणाली, हसू देत, पर त्यांनी ते नाव वाचाय नगो. मी तिला सुचवलं होतं, की त्या पट्टीवर पेननं स्वतःचं नाव लिही. तिनं माझ्याकडे असं बघितलं, जसं काही मी घाण बोलले होते.

“चिकटपट्टीवर न्हाय,” ती म्हणाली. “कागदावरबी न्हाय. दगडात.”

म्हणून या लिखाणातही मी तिचं नाव घातलेलं नाही. ज्यांना ते हवं आहे त्यांनी छिन्नी घ्यावी.

मग दोन हजार पाच साली पंचगंगेला तो मोठा पूर आला. खालच्या गल्ल्यांत पाणी शिरलं, मंडळाच्या पोरांनी जीव धोक्यात घालून माणसं बाहेर काढली. हे मी मान्य करते, त्या पोरांचं कौतुक आहे मला. तालीम उंचावर म्हणून सगळ्यांना तिथं ठेवलं, बायका, पोरं, म्हाताऱ्या. आखाड्यावर ताडपत्री टाकली होती. त्या दिवशी आत्ती आयुष्यात पहिल्यांदा तालमीच्या आत गेली. भिंतीला टेकून बसली आणि डबा उघडला. कुणाला पत्रा लागलेला, कुणाचा पाय काचेनं कापलेला. अध्यक्षाची पिंढरी पत्र्यानं चांगली फाटली होती. आत्तीनं ती धुतली, औषध भरलं, पट्टी बांधली, चिकटपट्टी लावली. हात तेव्हा कापायचे तिचे, पण पट्टी सरळ होती. बांधून झाल्यावर तिनं त्याचा पाय लगेच सोडला नाही.

“आता तरी?” तिनं विचारलं.

“बघू की, आजी,” तो म्हणाला. “पाणी तर उतरू दे.”

पाणी उतरलं. तालीम धुऊन काढली, आखाड्यात नवी माती टाकली, बायका पुन्हा कट्ट्याच्या बाहेर. दगडाचं कुणी काही बघितलं नाही.

पुढच्या हिवाळ्यात आत्ती गेली. आजार असा नव्हताच, थकली होती. मंडळानं चौकातल्या फळ्यावर लिहिलं. आधी गं. भा., मग तिचं नाव, मग नवऱ्याचं, मग आडनाव. चौकात तिचं नाव मी पहिल्यांदा वाचलं ते असं, खडूनं. अंत्ययात्रेला पेठ लोटली. अध्यक्ष लहान पोरासारखा रडला, आणि ते रडणं खरं होतं. दुसऱ्या दिवशी फळा पुसून त्यावर कुस्त्यांच्या मैदानाची जाहिरात लिहिली होती.

सगळे पाहुणे गेल्यावर एका सकाळी मी आत्तीचा डबा घेऊन तालमीकडे गेले. एवढ्या दिवसांत पोरांनी पट्टी काढली असणार, म्हटलं नवी लावू. जाऊन बघते तर पट्टी होती. नवीच होती, आणि दगडाच्या वरच्या बाजूला, पहिल्या नावांत, आणखी एक पट्टी लावलेली होती. आण्णांच्या नावावर. वाकडी, सुरकुत्या पडलेली, कडा न दाबलेली.

मी घरी आले. आण्णा पुढच्या खोलीत बसले होते, आत्तीचे पेशंट बसायचे त्या बाकावर. काठी गुडघ्यांत धरलेली, बोटांना चिकटपट्टीचा डिंक लागून मळ जमलेला. मी काही विचारायच्या आत ते बोलले.

“मी पीठ मोजत हुतो,” आण्णा म्हणाले.

उशिरा बोललात, असं माझ्या अगदी ओठांवर आलं होतं. ज्या दिवशी बोलायचं त्या दिवशी पेपर धरून बसलात, स्टेजवर गुडघे बघत बसलात. हे सगळं मला म्हणायचं होतं, आणि त्यात चूक काहीच नव्हती. पण मी डबा उचलला आणि परत तालमीकडे गेले. तशी वाकडी पट्टी आत्तीनं कुणाची चालवून घेतली नसती. मी ती काढली, आण्णांच्या नावाच्या मापाची नवी कापली, आणि आधी मध्ये, मग बाजूला, अंगठ्यानं दाबून सरळ लावली.